वाचकांचे प्रश्न : तडा गेलेल्या प्रेमाविषयी

गेल्या अंकातील टिपणात ‘हसीन दिलरुबा’ या हिंदी चित्रपटाचा मी ओझरता उल्लेख केला आणि त्यावर गुहागरपासून मालवणपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतली बहुतेक पत्रे चित्रपटापासून सुरू होतात आणि स्वतःच्या घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतात, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. उत्तरांमध्ये चित्रपटाचा शेवट उघड करावा लागणार आहे. ज्यांना तो अजून पाहायचा असेल त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे.

कथा थोडक्यात अशी. विनिल मॅथ्यू यांनी दिग्दर्शित केलेला आणि कनिका धिल्लाँ यांनी लिहिलेला हा चित्रपट २ जुलै २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला. दिल्लीत वाढलेली, रहस्यकादंबऱ्यांचे वेड असलेली राणी (तापसी पन्नू) ज्वालापूरच्या रिशू (विक्रांत मेस्सी) या सरळमार्गी इंजिनिअरशी ठरवून लग्न करते. दोघांचे सूर जुळत नाहीत. अशात रिशूचा नात्यातला भाऊ नील (हर्षवर्धन राणे) घरी येतो, राणी त्याच्यात गुंतते आणि तो तिला सोडून निघून जातो. राणी स्वतःहून नवऱ्याजवळ कबुली देते. रिशू आधी तिच्या जिवावर उठतो, मग हळूहळू दोघे एकमेकांकडे परत येतात, आणि नेमका त्याच वेळी नील पुन्हा उगवून त्यांना धमकावू लागतो. झटापटीत राणीच्या हातून त्याचा जीव जातो. मेलेला माणूस रिशूच आहे असे पोलिसांना वाटावे म्हणून रिशू ‘राणी’ असे नाव गोंदलेला स्वतःचा हात तोडतो, घरात स्फोट घडवला जातो, आणि नवऱ्याच्या खुनाच्या संशयाखाली राणी पोलिसांपुढे बसते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात आले. हा चित्रपट मी आणि माझ्या जाऊबाईंनी रात्री माजघरात मोबाइलवर पाहिला. शेवट आला तेव्हा त्या डोळे पुसत म्हणाल्या, “याला म्हणतात प्रेम. आधी छळलंन, पण वेळ आली तेव्हा हात तोडून दिलान की नाही?” माझ्या डोळ्यांपुढून मात्र त्याने तिच्यासाठी घरात रचलेले ते अपघात जात नव्हते. मी तसे म्हटले, तर जाऊबाई म्हणाल्या, “पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं आणि पुढे जायचं.” ताई, चुका केलेल्या माणसांचे प्रेम खरे असू शकते का? आणि असेल, तर किती चुका पोटात घालायच्या?
— एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : आपल्या जाऊबाईंच्या डोळ्यांतले पाणी खरे होते आणि आपल्याला आलेली धास्तीही खरी आहे. हा चित्रपट एकाच प्रसंगाने दोन बायकांना दोन टोकांना नेतो, आणि माझ्या मते ते त्याचे बळही आहे व त्याची मोठी उणीवही.

बळ असे, की या गोष्टीत धुतल्या तांदळासारखे कोणीच नाही. खोटेपणाची सुरुवात नीलच्या येण्याने होत नाही, ती स्थळ पाहायला येतात तेव्हाच झालेली असते. मुलगी गृहकृत्यदक्ष असल्याचे सांगितले जाते आणि ती तशी नसते. आपल्याकडेही पोहे पुढे करताना ते मोठ्या बहिणीने केलेले आहेत हे कोण सांगते? पुढे राणी माहेरच्या बायकांपाशी नवऱ्याविषयीची अत्यंत खासगी तक्रार करते आणि ती रिशूच्या कानावर पडते. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला. त्याला लागलेली जखम स्पष्ट दिसते, पण “मी ऐकले, आणि मला लागले” हे एक वाक्य तो बोलत नाही. तो अबोला धरतो. त्यांच्या संसाराला पहिला तडा तिथे गेला असे मला वाटते. नील नंतर आला आणि त्या फटीतून आत शिरला, एवढेच. याचा अर्थ राणीचे वागणे योग्य ठरते असा मुळीच नाही. तिने नवऱ्याला फसवले, आणि तिलाही ते ठाऊक आहे.

म्हणूनच तिची कबुली मला या चित्रपटातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तिला कोणी पकडलेले नसते, नील निघून गेलेला असतो, ती गप्प राहिली असती तर संसार वरवर तरी सुरळीत चालला असता. तरीही ती नवऱ्यासमोर बसून जे घडले ते सांगते. चित्रपटात विश्वासाचे बी कुठे पडले असे कोणी विचारले तर मी त्या कबुलीकडे बोट दाखवीन.

आता उणीव. त्यानंतर रिशू जे करतो त्यात तिचा जीव जाऊ शकला असता. तो घरातच तिच्यासाठी अपघात रचतो, तिला ते उमजते, आणि ती ते प्रायश्चित्त समजून सोसत राहते. चित्रपट हा सगळा भाग इतक्या हलक्या हाताने हाताळतो, की प्रेक्षकाला तिच्या सोसण्याचे कौतुक वाटू लागते. राणीच्या चुकीची चर्चा घरात होते, शेजारी होते, पोलीस ठाण्यात तर तिच्या अब्रूची चिरफाडच होते. रिशूच्या चुकीचा हिशोब मात्र कोणी मागत नाही. “मी तुला मारायला निघालो होतो” असे तो तिच्यासमोर बसून, तिने सांगितले तशा सरळ शब्दांत, कधी सांगत नाही. एकाची चूक शब्दांत आली आणि दुसऱ्याची पुढच्या गोड प्रसंगांखाली झाकली गेली.

आपण संख्या विचारली आहे, पण येथे चुका मोजून भागणार नाही, त्यांची जात पाहावी लागते. भांड्याला भांडे लागते असे आपल्याकडे म्हणतात ते खरेच आहे. रुसवे, टोमणे, पैशांवरून लपवाछपवी, आईच्या आणि बायकोच्या मध्ये सापडलेल्या माणसाची दुटप्पी बोली, हा सगळा भांड्यांचा आवाज आहे. परपुरुषाशी किंवा परस्त्रीशी संबंध ठेवणे ही त्याहून फार खोल जखम आहे. तीही काही घरांत भरून येते, काही घरांत येत नाही, आणि जिथे येत नाही तिथे वेगळे होण्यात पाप नाही. परंतु ज्या माणसाच्या शेजारी निजायचे त्याच्याच हातून आपला जीव जाईल अशी भीती निर्माण झाली, की ते भांड्याला भांडे लागणे राहत नाही. तिथे क्षमेचा प्रश्न पुढचा, सुरक्षिततेचा आधी. भीतीपोटी जे गप्प राहणे असते त्याला क्षमा म्हणता येत नाही, कारण क्षमा करणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक असावी लागते.

‘पदरी पडलं पवित्र झालं’ या म्हणीने आपल्या आज्यांना दिवस काढण्याचे बळ दिले असेल, परंतु त्याच म्हणीने कितीतरी जणींची तोंडेही बंद केली. आज घरातील हिंसेपासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्यात मारहाणीबरोबरच शिवीगाळ, मानसिक छळ व पैशांची अडवणूकही येते. त्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे आणि तातडीच्या वेळी ११२ आहे. हे मी आपल्यासाठी लिहिते आहे आणि, आपण रागावणार नसाल तर, जाऊबाईंसाठीही लिहिते आहे. चित्रपट पाहताना जी बाई छळाचा भाग इतक्या सहज ओलांडून पुढे जाते, तिला एखाद्या दुपारी पडवीत निवांत बसवून तिचे स्वतःचे कसे चालले आहे हे विचारावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : दापोलीजवळ माझी आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. हल्ली आम्ही कोयकलमेच करतो, पण वडील भेटकलमे बांधत असत. खुंटाचे रोप झाडाच्या फांदीशी न्यायचे, दोघांची साल थोड्या लाकडासह सारखी तासायची, जखमेला जखम लावून घट्ट बांधायचे. दोन-तीन महिन्यांनी सांधा धरला की मग वेगळे करायचे. राणी आणि रिशू एकमेकांना जखमी करून मगच एकजीव होतात, तेव्हा मला वडिलांच्या हातचे भेटकलम आठवले. हे आपल्याला पटते का?
— एक बागायतदार, ता. दापोली

उत्तर : अर्धे पटते, आणि जे पटत नाही ते आपणच दिलेल्या माहितीमुळे पटत नाही.

भेटकलमात दोन्हीकडे सारखाच काप घ्यावा लागतो. एकीकडची साल शाबूत ठेवली तर सांधा धरत नाही. शिवाय, माझ्या लक्षात आलेली मोठी गोष्ट ही, की जखम भरून येईपर्यंत रोप आपल्या मुळांवर उभे असते आणि फांदी आपल्या झाडावर असते. दोघांचे पाणी तुटलेले नसते. सांधा पक्का झाल्याची खात्री पटल्यावरच माळी फांदीला तिच्या झाडापासून सोडवतो. आपल्या लग्नांमध्ये याच्या उलट चालते. मुलीला पहिल्याच दिवशी तिच्या झाडावरून कापतात आणि मग सांधा जुळण्याची वाट पाहतात. राणीचेही तेच झाले आहे. ज्वालापूरच्या त्या घरात तिचे स्वतःचे माणूस कोणी नाही, म्हणून तर ती फोनवर नको ते बोलून बसते.

हात तोडण्याविषयी आपण विचारलेले नाही, पण इतर चार पत्रांत तोच विषय आहे, तेव्हा येथेच लिहिते. रिशू तिला फासापासून वाचवण्यासाठी स्वतःचा हात देतो, त्या क्षणी त्याच्या प्रेमाबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. तरीही तो हात हे त्याच्या आधीच्या वागण्याचे उत्तर नाही. तो आपल्यासाठी मरेल याची खात्री असणे आणि उद्या सकाळी चहा सांडला म्हणून तो आपल्या अंगावर धावून येणार नाही याची खात्री असणे, या दोन वेगळ्या खात्र्या आहेत. चित्रपट पहिलीवर संपतो, संसार दुसरीवर चालतो. पहिली प्रसंगात सिद्ध होते, आणि असा प्रसंग लाखांत एखाद्याच्या वाट्याला येतो. दुसरी रोजच्या रोज, कोणी पाहत नसताना, थोडी थोडी साठत जाते. त्या साठण्याला चित्रपटात फार थोडी जागा मिळाली आहे. दोघे पुन्हा जवळ येतात तो काळ अधिक सावकाश दाखवला असता तर शेवटचा त्याग मला अधिक पटला असता.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. चित्रपटात राणी खोटे पकडण्याच्या यंत्राची चाचणी पार करते आणि पुराव्याअभावी सुटते. प्रत्यक्षात अशी चाचणी पार केली की माणूस सुटतो का? आणि विवाहबाह्य संबंध हा गुन्हा नसताना पोलीस तिला त्याविषयी इतके का विचारतात?
— चिपळूण

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात स्पष्ट केले, की नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ या चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा म्हणून धरता येत नाही. त्या मदतीने पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली तर तेवढीच कायद्याच्या चौकटीत वापरता येते. यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम यांतले बदल टिपते. खरे-खोटे ते जाणत नाही. तेव्हा चाचणी पार केल्याने कोणी निर्दोष ठरत नाही आणि न केल्याने दोषीही ठरत नाही. राणी सुटते ती दुसरा पुरावा नसल्यामुळे, आणि तेवढ्यापुरती कथा कायद्याला धरून आहे.

भारतीय दंड संहितेतले व्यभिचाराचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. त्याआधीही त्या कलमाखाली शिक्षा होती ती परपुरुषाला, पत्नीला नव्हे, आणि तक्रारीचा हक्क होता तो नवऱ्याला, जणू बायको ही त्याची मालमत्ता होती. आज हा गुन्हा नाही, घटस्फोटाचे कारण मात्र आहे. पोलीस त्याविषयी विचारतात ते खुनाचा हेतू शोधण्यासाठी, आणि तेवढे त्यांचे काम आहे. परंतु चौकशीची भाषा ज्या क्षणी हेतूवरून चारित्र्यावर घसरते तो क्षण चित्रपटात नेमका पकडलेला आहे. उद्या आपण काळा कोट घालून उभ्या राहाल तेव्हा हा फरक ध्यानात ठेवा, कारण न्यायालयाच्या आवारातही तो रोज पुसला जातो.

एक गोष्ट आपण विचारली नाहीत, तरी ती महत्त्वाची वाटते. नीलचा मृत्यू झटापटीत झाला. आपल्या जिवावर बेतले असता प्रतिकार करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये येतो. दोघांनी पोलिसांकडे जाऊन खरे सांगितले असते तर निदान तो बचाव मांडता आला असता. पुरावा नाहीसा करणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे. जगावर त्यांचा इतकासुद्धा विश्वास उरलेला नाही, की खरे बोलून आपण वाचू, ही या प्रेमकथेतली खरी शोकांतिका मला वाटते.

प्रश्न : राणी ज्या लेखकाच्या कादंबऱ्या वाचते तो दिनेश पंडित खरा आहे का? आणि गोठलेल्या मटणाच्या तंगडीने खून ही कल्पना कुठून आली?
— सावंतवाडी

उत्तर : दिनेश पंडित हा चित्रपटापुरता निर्माण केलेला लेखक आहे, पण उत्तर भारतातील रेल्वे स्थानकांवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त रहस्यकादंबऱ्यांची परंपरा खरी आहे. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचा नायक झुंजार याच्याबरोबर त्याची पत्नी विजया असायचीच. साहस आणि संसार एका जागी बांधण्याची हौस आपल्या वाचकांनाही जुनी आहे. मटणाच्या तंगडीची कल्पना रोआल्ड डाल यांच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी लघुकथेतील खुनाशी जुळते. तिथे नवऱ्याला मारणारी बायको ते मांस शिजवून तपासाला आलेल्या पोलिसांनाच वाढते.

प्रश्न : मी मालवण तालुक्यातला. बोटीवर इंजिन रूममध्ये ऑइलर आहे, नऊ-नऊ महिन्यांचे कंत्राट असते. मागच्या साइन ऑफनंतर, म्हणजे कंत्राट संपवून बोटीवरून उतरल्यावर, घरी असताना बायकोबरोबर हा चित्रपट पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. एक दिवस ती बाजारात गेली असता तिचा मोबाइल घरी राहिला होता, तो मी उघडला आणि सगळे संदेश वाचून काढले. काहीच सापडले नाही. सापडले नाही म्हणून बरे वाटायला हवे होते, पण तेव्हापासून अजून शोधावेसे वाटते. तिच्याशी धड बोलताही येत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा साइन ऑन आहे, म्हणजे बोटीवर रुजू व्हायचे आहे. तिला हे सांगावे की गप्प राहावे?
— एक दर्यावर्दी

उत्तर : आलेल्या सगळ्या पत्रांत आपले पत्र मी सर्वाधिक वेळा वाचले. स्वतःची चूक इतक्या सरळपणे लिहिणारा माणूस वाईट नवरा असेल असे मला वाटत नाही.

काही सापडले नाही तरी मन शांत होत नाही, याचे कारण संशयाला पुरावा नकोच असतो. रिकामा मोबाइल पाहिला की तो म्हणतो, पुसून टाकले असेल. चित्रपटातला पोलीस अधिकारी राणीचा माग सोडत नाही, पण तो त्याचा पेशा आहे. त्याला तिच्याबरोबर जेवायचे नसते, तिच्या आजारी सासूला तिच्या हाती सोपवून समुद्रावर जायचे नसते. नवरा तपास अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसला, की समोर बायको उरत नाही, संशयित उरते. बायकोने तपास आरंभला तरी हेच होते.

आपल्या किनाऱ्यावरची अर्धी घरे अंतरावरच उभी राहिली आहेत. आपण जहाजावर आहात, आपल्या आधीची पिढी गिरणीत होती. माझ्या आत्याचे यजमान लालबागच्या गिरणीत कामाला होते आणि ती वेळणेश्वरच्या बाजूच्या एका वाडीत सासू-सासरे, दोन मुले आणि एक म्हैस सांभाळत होती. वर्षातून दोनदा भेट, गणपतीत आणि शिमग्यात. एरवी दर महिन्याची मनीऑर्डर आणि तिच्या कुपनावरच्या चार ओळी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेल्याचे आजवर कोणी ऐकलेले नाही. काकांनी घरी कळवले, “इकडे सर्व ठीक, काळजी नसावी.” मनीऑर्डर येत राहिली, रक्कम घटत गेली. आत्यानेही उलट टपाली कळवले, की तिकडेही सर्व ठीक. प्रत्यक्षात तिने पाटल्या गहाण टाकल्या होत्या.

मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते. पोस्टमन पडवीत टेकला, पाणी प्याला, पैसे मोजून देऊन निघून गेला. आत्या कुपन घेऊन अंगणाच्या कडेला, जिथे माडाच्या झावळ्यांतून उजेड पडत होता तिथे, जाऊन उभी राहिली. अक्षर काकांचेच होते. ती मजकूर वाचत नव्हती, तिरके धरून वरचा गोल शिक्का पाहत होती. शाई पुसट होती. बराच वेळ पाहून तिने कुपन घडी घालून फणेरपेटीत ठेवले आणि मला म्हणाली, “भिवंडीचा आहे गो.” मला तेव्हा काही कळले नाही. संपातले कितीतरी कामगार पोटासाठी भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले होते हे मला फार पुढे समजले. तिला मात्र त्या शिक्क्यावरून सगळे समजले होते, आणि त्या वेळी तिच्या मनात आणखीही काय काय येऊन गेले असेल. माणूस सांगितलेल्या पत्त्यावर नाही एवढेच बाईला कळले, तर कल्पना कुठवर धावते हे आपण जाणता.

तिने कोणाला मुंबईला पिटाळले नाही, गावातल्या इतर चाकरमान्यांकडे आडून चौकशी केली नाही. गणपतीला काका एस.टी.ने आले, खांद्यावरची पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले. जेवणे उरकल्यावर, घरात आरतीला माणसे जमायच्या आधी, मागच्या दारी न्हाणीपाशी तिने त्यांना सांगितले, “शिक्का भिवंडीचा होता. आणि माझ्या पाटल्या सोनाराकडे आहेत.” ही दोन वाक्ये एका दमात. मी तिथेच भांड्यांना राख लावत बसले होते. आधी त्यांचे काढायचे आणि आपले झाकायचे, असे तिने केले नाही, हे मला आजही जसेच्या तसे आठवते. काका कितीतरी वेळ दगडावर बसून राहिले. मग म्हणाले, “कितीला ठेवल्यास?”

मोबाइलमध्ये शोधणे आणि शिक्का वाचणे यांत आपल्याला फारसा फरक दिसणार नाही कदाचित, दोघांनीही पाहिलेच. फरक त्यानंतरचा आहे. तिने पाहिले ते सांगितले, आणि सांगताना स्वतःचेही लपवलेले पुढे ठेवले. राणीच्या कबुलीविषयी वर जे लिहिले तेही याच जातीचे होते.

म्हणून माझे उत्तर, सांगावे. मोबाइल उघडला हे सांगावे, काही सापडले नाही हेही सांगावे, पण ते “तू सुटलीस” अशा सुरात नको. आपल्याला बोटीवर रात्री काय काय वाटते, कंत्राट संपत आले की घरी आपल्यावाचून सगळे सुरळीत चालले आहे याचेच कसे भय वाटू लागते, ते सांगावे. पत्रात आपण ते लिहिलेले नाही, पण दोन ओळींच्या मध्ये मला ते दिसले. ती रागावेल. तिला रागावू द्यावे, लगेच मनधरणीला लागू नये आणि “चित्रपटामुळे झाले” असे म्हणून अंगही काढून घेऊ नये. कदाचित तिच्याकडेही सांगण्यासारखे काही असेल, एखादे कर्ज, एखादे आजारपण, आपण समुद्रावर असताना काळजी नको म्हणून झाकलेले. ते आले तर ऐकून घ्यावे.

आणि हे सगळे साइन ऑनच्या आधी, घरात, समोरासमोर बसून करावे. बंदरातून लावलेल्या फोनवर हे बोलू नये. तिथे आवाज तुटतो, मध्येच ड्यूटीची वेळ होते, आणि अर्धे राहिलेले बोलणे पुढचे नऊ महिने दोघांनाही पुरते.